आज्ञार्थ आणि कथा : मराठी बालवाचनाच्या पहिल्या वाक्याचा विचार

बालवाङ्मयाची मराठीतील चर्चा बहुधा आशयाभोवती फिरते. गोष्टीत बोध किती असावा, अद्भुताला कितपत वाव द्यावा, भाषा किती सोपी असावी, हे प्रश्न पुन:पुन्हा विचारले गेले आहेत. मूल वाचू लागते त्या दिवशी त्याच्या पुढ्यात येणारे पहिले वाक्य कोणत्या जातीचे असते, हा प्रश्न मात्र शिक्षणशास्त्राच्या हवाली करून समीक्षा मोकळी झालेली दिसते. वस्तुत: हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे. ज्या वाक्यात मुलाला लिखित भाषेची पहिली ओळख होते, त्या वाक्यातच लिखित भाषा कशासाठी असते याविषयीची त्याची पहिली समजूत घडते. ती भाषा सांगण्यासाठी आहे, विचारण्यासाठी आहे, की केवळ फर्मावण्यासाठी आहे, याचा निर्णय अंकलिपीच्या पानावर नकळत होऊन जातो.

मराठी अंकलिपीची रूढ रचना सर्वांच्या परिचयाची आहे. प्रथम स्वर, मग व्यंजने, मग काना, मात्रा, वेलांटी, उकार न लागलेल्या अक्षरांचे शब्द, मग त्या शब्दांची वाक्ये, मग बाराखडी व शेवटी जोडाक्षरे. या क्रमामागील तर्क सरळ आहे. व्यंजने तीस-पस्तीस आहेत. प्रत्येकाला दहा-बारा स्वरचिन्हे लागली म्हणजे चिन्हांची संख्या मुलाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून आधी मूळ अक्षरे पक्की व्हावीत. तर्कात दोष नाही. दोष त्याच्या परिणामात आहे, आणि तो परिणाम मराठीच्या व्याकरणातून उद्भवतो.

स्वरचिन्हे वर्ज्य करून मराठीत वाक्य रचू गेल्यास काय हाती लागते? ‘मगन, उठ. वर बघ. सरळ चल. नळ बघ.’ अशा प्रकारची वाक्ये हाती लागतात, दुसऱ्या प्रकारची लागत नाहीत. कारण या मर्यादेत मराठी क्रियापदाचे एकच पूर्ण रूप बसते, आणि ते म्हणजे आज्ञार्थाचे द्वितीयपुरुषी एकवचन. भूतकाळाला ‘ला’, ‘ली’, ‘ले’ हवेत, वर्तमानाला ‘तो’, ‘ते’ हवेत, भविष्याला ‘ईल’ची वेलांटी हवी, ‘आहे’ आणि ‘होता’ हे तर मुळातच मात्रेवाचून उभे राहत नाहीत. ‘मी’ नाही, ‘तू’ नाही, ‘तो’ नाही. ‘का’, ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ यांपैकी काहीच नसल्यामुळे प्रश्न विचारण्याची सोय नाही. ‘नको’ आणि ‘नाही’ नसल्यामुळे नकार देण्याचीही सोय नाही. ‘जर’, ‘तर’, ‘पण’ ही अव्यये मिळतात, परंतु त्यांनी जोडावे असे विधानच उपलब्ध नसते. सामान्यरूपाला बहुश: काना लागतो, म्हणून ‘घर’ लिहिता येते, ‘घरात’ लिहिता येत नाही. तेव्हा या पानावरचे मूल घरात शिरू शकत नाही, स्वत:विषयी बोलू शकत नाही, आणि काल काय घडले हे सांगू शकत नाही. त्याला फक्त हुकूम वाचता येतो.

कथा भूतकाळात राहते. ‘आटपाट नगर’ म्हटल्याबरोबर ऐकणारा ज्या ‘होते’ची वाट पाहतो, त्या ‘होते’वाचून मराठी कहाणीचा आरंभच होत नाही. म्हणजे अंकलिपीचा प्रचलित क्रम कथेला केवळ पुढे ढकलतो असे नव्हे. त्या टप्प्यापुरती तो कथा व्याकरणदृष्ट्याच अशक्य करून ठेवतो.

हा प्रकार एकट्या मराठीच्या वाट्याला आला आहे काय, हे पाहण्यासाठी मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे, वळणे उद्बोधक ठरते. बालशिक्षणाच्या जागतिक इतिहासात या शहराचे नाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा ते अक्षराच्या व वाळूच्या संदर्भात येते. १७८९ साली एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी जो आश्रम निघाला, त्याचे अधीक्षक अँड्रू बेल होते. स्थानिक शाळेतील मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे त्यांनी पाहिले आणि तीच रीत आपल्या आश्रमात आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, या योजनेशी त्यांनी तिची सांगड घातली. १७९६ मध्ये ते भारत सोडून गेले. १७९७ मध्ये त्यांचा वृत्तान्त लंडनला प्रसिद्ध झाला आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती रीत इंग्लंडभर पसरली. महाराष्ट्राला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. पंतोजीच्या शाळेतील धूळपाटी आणि ‘धुळाक्षरे’ हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून होताच.

दुसरा प्रसंग दीडशे वर्षांनंतरचा. १९३९ च्या अखेरीस मारिया माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून अड्यारला आल्या, आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम वर्षानुवर्षे लांबला. अड्यारच्या वर्गांत शिक्षकांना ज्या साधनांचा परिचय झाला, त्यांत खरखरीत कागदाची अक्षरे प्रमुख होती. मूल बोटाने अक्षर चाचपते आणि त्याच क्षणी त्याचा ध्वनी उच्चारते. अक्षराचे नाव आधी न शिकता त्याचा आवाज शिकते. एग्मोरची सैल वाळू अड्यारला कागदावर चिकटून आली, असे म्हणता येईल. हाताने शिकलेले अक्षर डोळ्याने शिकलेल्या अक्षरापेक्षा अधिक टिकते, हे सत्य या एकाच शहरात दोनदा प्रत्ययाला आले.

परंतु अक्षरानंतर वाक्याची पायरी आली म्हणजे माँटेसरींची पद्धतीही आज्ञार्थाकडेच वळते. चिठ्ठीवर एखादी कृती लिहिलेली असते. मूल ती मनात वाचते आणि ती कृती करून दाखविते. अद्भुत कथांविषयी माँटेसरी साशंक होत्या, हेही प्रसिद्ध आहे. तमिळ परंपरेतही असेच साम्य आढळते. औवैयारच्या ‘आत्तिचूडी’त वर्णक्रमाने एकेक सूत्र येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलांना अक्षराबरोबर ते सूत्र मिळत आले आहे. ही सूत्रे प्राय: विधिनिषेधाची आहेत: हे कर, ते करू नकोस. तेव्हा लिपी कोणतीही असो, हेतू नीतीचा असो वा इंद्रियशिक्षणाचा, पहिल्या वाक्याला आज्ञार्थाचे आकर्षण सर्वत्र दिसते.

या तिन्ही प्रकारांतील भेद मात्र ओळखला पाहिजे. ‘आत्तिचूडी’तील आज्ञा ही कवितेतील आज्ञा आहे, तिला लय आहे, ती स्मरणात राहते आणि वयाबरोबर तिचा अर्थ वाढतो. माँटेसरींच्या चिठ्ठीतील आज्ञा हा खेळ आहे. शब्दाचा अर्थ कळला की नाही हे तेथे कृतीने सिद्ध होते. मराठी अंकलिपीतील आज्ञा यांपैकी काहीच नाही. ती कोणालाही खरोखर द्यावयाची नसते आणि कोणी पाळावी अशी अपेक्षाही नसते. तो केवळ अक्षरांचा हिशेब जुळविण्यासाठी पत्करलेला प्रयोग असतो. म्हणून तिच्यात कवितेची लयही नाही आणि खेळाची चेतनाही नाही.

मद्रासचा मराठी बालवाङ्मयाशी आलेला संबंध येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. तंजावरचे भावी राजे सरफोजी १७९३ मध्ये मद्रासला आणले गेले आणि तेथे त्यांचे शिक्षण मिशनरी गुरूंच्या देखरेखीखाली चालले; बेल यांचा आश्रम त्या वेळी त्याच शहरात भरत होता. १७९८ मध्ये गादीवर आल्यानंतर सरफोजींनी तंजावरास शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सख्खन पंडितांकडून करविलेले इसापकथांचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून घेतले. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत एक ग्रंथ मुलांच्या गोष्टींचा असावा आणि तो तमिळ मुलुखात निघावा, ही घटना सामान्य नाही. सरफोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ ही तर याहून धीट कृती. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगत हिंडणारी कुरवंजी हे त्यातील प्रमुख पात्र. त्या पात्राच्या मुखी मराठी पदे घालून सरफोजींनी पृथ्वीवरील देशांचा भूगोल सांगितला. ज्ञान द्यावयाचे तर ते सांगणाऱ्या आवाजातून द्यावे, हे तत्त्व येथे एका राजाने प्रत्यक्ष प्रयोगात आणले होते.

मुंबईत मात्र हा धागा वेगळ्या रीतीने विणला गेला. १८२० नंतर मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने वर्गनायकांची पद्धत स्वीकारली. अक्षरओळखीसाठी ‘लिपिधारा’ निघाली. आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ व ‘बाळमित्र’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. छत्र्यांच्या गद्याचे ऋण मराठीने सदैव मानले आहे. परंतु लिपीचे पुस्तक वेगळे आणि गोष्टीचे पुस्तक वेगळे, ही विभागणी त्याच वेळी पक्की झाली. आधी लिपी, मग बक्षीस म्हणून गोष्ट. पुढील दीडशे वर्षांत वाचनमाला बदलल्या, चित्रे आली, रंग आले, आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पाठ्यपुस्तकाच्या भाषेला मोकळा श्वास दिला, तथापि सुधारणेची दृष्टी प्रामुख्याने पुढील इयत्तांच्या पाठांवर राहिली. पहिल्या वाक्याचा आज्ञार्थ अबाधित राहिला.

या विभागणीला पहिला तात्त्विक विरोध गुजरातेतून झाला आणि महाराष्ट्रात त्याची परिणती झाली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी माँटेसरींची साधने स्वीकारली, पण कथेविषयीची त्यांची शंका स्वीकारली नाही. १९२५ च्या सुमारास त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ लिहून कथाकथनाला बालशिक्षणाच्या मध्यभागी आणून बसविले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह, आदिवासी मुलांमध्ये जे काम केले, त्यात गोष्ट, गाणे आणि बोलणे यांना अक्षराच्या आधीचे स्थान होते. त्या अंगणात मुलाने प्रथम ऐकावे आणि बोलावे, मग लिहावे, असा क्रम होता. वाक्यरचना ही शिकविण्याची वस्तू नसून कानाने साठविण्याची वस्तू आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

ती दृष्टी मराठीच्या बाबतीत विशेष खरी आहे. नागरी लिपी ध्वन्यनुसारी आहे, जे लिहिले तेच वाचले जाते, असे अभिमानाने सांगितले जाते. ते बव्हंशी खरे असले तरी पूर्णांशाने नाही. ‘कमळ’ हा शब्द क, म, ळ असा सुटा उच्चारून जोडला तर शेवटी एक ‘अ’ शिल्लक राहतो, जो बोलताना नसतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च एक नाही. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’ यांची अक्षरे तीच, उच्चार निराळे. योग्य ध्वनी कोणता हे अक्षर सांगत नाही. ते पूर्वी ऐकलेला शब्द सांगतो. तमिळ लिपी शिकणाऱ्या चेन्नईच्या मुलाला हे सहज पटावे, कारण त्याच्या लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर असते आणि शब्दातील जागेवरून उच्चार ठरतो. जे मूल शब्द ऐकून आहे त्यालाच अक्षराचा ध्वनी अचूक सापडतो. म्हणजे ध्वनिशिक्षणाची पूर्वतयारी कथाश्रवणाने होते. या दोन प्रतिस्पर्धी पद्धती नव्हेत.

इंग्रजीतील अनुभव येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. इंग्रजीत वर्ण आणि ध्वनी यांचे नाते गुंतागुंतीचे, म्हणून तेथे ध्वनिपद्धतीचा एवढा आग्रह. परंतु ‘सॅट’, ‘रॅन’, ‘हिड’ अशी तीन अक्षरी भूतकाळी रूपे तेथे पहिल्या आठवड्यातच हाती येतात. १९५४ मध्ये जॉन हर्सी यांनी अमेरिकेतील प्रारंभिक वाचनपुस्तकांच्या नीरसपणावर टीका केली आणि १९५७ मध्ये डॉ. स्यूस यांनी केवळ २३६ भिन्न शब्दांत ‘द कॅट इन द हॅट’ लिहून दाखविले, ते या सोयीमुळेच शक्य झाले. इंग्रजीत अक्षर अवघड आहे, पण कथा जवळ आहे. मराठीत अक्षर सोपे आहे, पण अक्षरांच्या क्रमाने कथा दूर नेली आहे. दोन्हीकडे उपाय एकच असू शकत नाही.

मराठीपुरता उपाय मराठीच्याच घडणीत आहे, आणि तो एका चिन्हाएवढा लहान आहे. व्यंजनांच्या पहिल्याच गटाबरोबर काना दिला तर काय होते पाहावे. ‘एक ससा. वाघ आला. ससा लपला. वाघ दमला, परतला. ससा हसला.’ या सहा विधानांत काना सोडून दुसरे स्वरचिन्ह नाही, आणि तरीही येथे संकट आहे, युक्ती आहे आणि सुटका आहे. काना येताच भूतकाळ येतो. ‘मला’ आणि ‘माझा’ यांच्या रूपाने मूल स्वत: पानावर येते. ‘का’ येतो, आणि त्याबरोबर प्रश्न येतो. राजा, वाघ, कावळा, बगळा, काका, मामा ही कथेची अर्धी पात्रे एका चिन्हाने जिवंत होतात.

त्यापुढील क्रमही व्याकरण आणि कथा मिळून सुचवितात. केवळ कान्याच्या टप्प्यावर पुल्लिंगी एकवचनाचीच सोय होते; ‘आई’ हा शब्द पहिल्या दिवसापासून लिहिता येत असला तरी आई ‘आली’ असे लिहावयास वेलांटी लागते. म्हणून दुसरी वेलांटी लगेच यावी. तिच्याबरोबर ‘मी’ येतो आणि ‘नाही’ही येते, मुलाला नकार मिळतो. नंतर मात्रा यावी, कारण मात्रेबरोबर ‘ने’ हा प्रत्यय येतो. त्याच्या आधीच्या वाक्यांत कोणी येतो, बसतो, दमतो, पळतो. ‘वाघाने ससा धरला’ असे म्हणता आले म्हणजे एकाची कृती दुसऱ्यावर जाऊन पोहोचते. अकर्मक क्रियेकडून सकर्मक क्रियेकडे, एका पात्राकडून दोन पात्रांच्या संबंधाकडे, अशी ही वाढ आहे. काना-मात्रेने ‘होता’ आला म्हणजे कहाणीचा आरंभ मुलाला स्वत: वाचता येतो. अशा रीतीने ध्वनी, वाक्य आणि कथा एकाच पायरीने चढतात.

यावर आक्षेप येऊ शकतो की, चिन्हे लवकर दिल्याने मूल गोंधळेल. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु काना हे अक्षराच्या उजवीकडे वेगळे उभे राहणारे चिन्ह आहे. ते ओळखावयास ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेदाहून कठीण नाही. अनेक दुर्मीळ व्यंजने पुढे ढकलून कान्याला आधी जागा दिली तर एकूण भार वाढत नाही. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे: अक्षरांच्या मापात बसविलेली गोष्ट ही गोष्ट राहते काय? वर दिलेली सशाची कथा ‘बालबोध मुक्तावली’तील किंवा छत्र्यांच्या कथेची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. तिने ती घ्यावी अशी अपेक्षाही नाही. मोठी गोष्ट मुलाने कानाने ऐकावी, तिच्या सर्व विभक्ती, सर्व काळ आणि सर्व वळणांसह ऐकावी. छोटी गोष्ट त्याने डोळ्याने वाचावी. पण दोन्ही गोष्टी असाव्यात. ऐकताना कथा आणि वाचताना हुकूम, असा दुजाभाव राहिला म्हणजे वाचन हे ऐकण्याहून हीन आहे असे मूल मनाशी ठरविते, आणि त्याचा तो निष्कर्ष चुकीचा नसतो.

या विचाराची निकड कोणाला सर्वाधिक आहे, याचे उत्तर पुन्हा चेन्नईकडे घेऊन जाते. तंजावरच्या राज्याबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे अनेक वंशज आज या शहरात राहतात. त्यांच्या घरची मराठी शतकांच्या तमिळ सहवासाने वेगळी झालेली असली तरी जिवंत आहे. तिच्या कीर्तनपरंपरेने तमिळ कथाकालक्षेपालाही साकी, दिंडी आणि ओवी दिली. मात्र अनेक घरांत देवनागरीचा परिचय सुटला आहे. मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी वाचतात. अशा मुलाकडे मराठी वाक्य आहे, मराठी अक्षर नाही. त्याच्या हाती रूढ अंकलिपी दिली तर आजीच्या तोंडी ऐकलेल्या भाषेचे लिखित रूप म्हणून त्याला नळ बघण्याची आज्ञा मिळते. ती आपलीच भाषा आहे असे त्याला का वाटावे? त्याला आजीच्या गोष्टीतील ‘आला’ आणि ‘पळाला’ पानावर भेटले, तर अक्षर हे जुन्या ओळखीचे चिन्ह ठरेल.

साधनांची आज वाण नाही. चेन्नईतच १९९६ साली सुरू झालेले तूलिका प्रकाशन अनेक भारतीय भाषांत चित्रकथा काढते आणि त्यांत मराठीही आहे. त्याच वर्षी त्याच शहरात निघालेल्या ‘करडी टेल्स’ने ध्वनिमुद्रित कथांची परंपरा सुरू केली; तमिळमध्ये ‘करडी’ म्हणजे अस्वल, आणि ते अस्वल नसीरुद्दीन शाह यांच्या आवाजात गोष्ट सांगत असे. तंजावरच्या छापखान्यानंतर सुमारे दोन शतकांनी तमिळ मुलुखातून पुन्हा मराठी गोष्ट छापून येत आहे. उणीव आहे ती लिपीचे पुस्तक आणि गोष्टीचे पुस्तक यांमधील भिंत पाडणाऱ्या लेखकाची. अंकलिपी हे कारकुनी काम नव्हे. कमीत कमी चिन्हांत पूर्ण कथा सांगणे ही छंदोरचनेइतकीच कठोर शिस्त आहे, आणि ती समर्थ लेखकाने अंगावर घ्यावी अशी आहे. डॉ. स्यूस यांनी ती घेतली. मराठीत तिची वाट अजून मोकळी आहे, आणि आरंभ करण्यास एक काना पुरेसा आहे.